मालकांचा गार नळ

खोली बघायला गेले तेव्हा मालक ओसरीत एका फ्रिजसमोर उकिडवे बसले होते. फ्रिजचा पत्रा सोलून काढलेला, आतली पिवळी लोकर बाहेर आलेली, आणि मालक कंप्रेसरला कान लावून, डोळे मिटून काहीतरी ऐकत होते. मी खोलीचं विचारलं, तर त्यांनी हातानंच थांबायची खूण केली. मी थांबले. बऱ्याच वेळानं डोळे उघडून मला म्हणाले, "धाप लागली हो त्याला. बसा."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. म्हणजे कागदावर झालं होतं. कचेऱ्या कुठं गोदामात तर कुठं कुणाच्या माडीवर. आमच्या कचेरीत टेबलं आधी आली आणि खुर्च्या नंतर, त्यामुळे सुरुवातीला आम्ही टेबलांवर बसूनच काम करायचो. मी टायपिस्ट. गाव हदगाव, पहिली नोकरी नांदेडात, आणि तिथून नव्या जिल्ह्याकडे ज्यांना पिटाळलं त्यांत मीही होते. बाहेरून आलेल्या माणसांनी गाव भरलेलं, खोली मिळणं मुश्कील. त्यातून माझं आडनाव ऐकलं की रिकाम्या खोल्याही एकाएकी भरायच्या. 'कालच दिली हो' हे मी इतक्या दारांत ऐकलं होतं की पुढं पुढं घरमालकानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे, "कालच दिली ना? बरं."

मालकांनी माझं आडनाव ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "रंध्याचा आवाज चालंल का? आता रोज सकाळी असणार हाय." मी म्हटलं, चालेल. "मग झालं तर. बाकीचं काकूला विचारा," म्हणून ते परत फ्रिजकडे वळले. बाकीचं म्हणजे भाडं, पाणी, किल्ली आणि एकूणच संसार. काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याचा कान पुन्हा कंप्रेसरला लागलेला पाहून सुस्कारा टाकला आणि किल्ली दिली. मात्र पहिल्या दिवशी टाकीजवळच्या घागरींत माझी घागर कुठं ठेवायची यावर त्या घुटमळल्या. मालक फ्रिजमागूनच म्हणाले, "तिच्या घागरीला काय निराळं तोंड हाय का? ठिवू दे रांगंत." एवढंच. पुढं काकूंची आणि माझी अशी गट्टी जमली की त्यांच्या माहेरच्या तक्रारीसुद्धा मला पाठ झाल्या. पण ती रांगेत ठेवलेली घागर मी विसरले नाही.

मालक दूध शीतकरण केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर खेड्यापाड्यांतून आलेलं दूध गार करायचं काम केलं. गल्ली त्यांना अजून ऑपरेटरच म्हणायची. उंच, वाकलेले, नाक मोठं. त्या नाकाची कीर्ती दूरवर होती. कॅनचं झाकण उघडून ते नुसतं नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, घ्या किंवा परत न्या. एकदा एका गावच्या सोसायटीच्या चेअरमनच्याच घरचे कॅन आले. मालकांनी झाकण नाकाशी नेलं आणि परत लावलं. चेअरमनचा माणूस म्हणाला, कुणाचं दूध आहे माहीत आहे का? मालक म्हणाले, "म्हशीचं. पण नासलंय." त्या बोलण्यापायी त्यांची बदली नांदेडला झाली आणि तिथं त्यांनी घरापासून दूर बरीच वर्षं काढली. याचा त्यांना राग नव्हता. दूध नासलेलं होतं, यावर मात्र ते शेवटपर्यंत ठाम होते.

खोटं बोलायचं नाही हा त्यांचा गुण नव्हता, आजारच होता. शेजारच्या बाईंनी नवी साडी दाखवली तर काकू मालकांना आधी आत पाठवायच्या. माझी भाकरी खाऊन त्यांनी एकदा मला, "आमच्याकडं असलीला पापड म्हणतेत," असं सांगितलं होतं. तोंडाला कुलूप लावता आलं असतं तर काकूंनी केव्हाच लावलं असतं.

तर तो फ्रिज. नोकरीत असताना मालकांना एकदा यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी बंगळूरला पाठवलं होतं. तिथल्या एका इंजिनिअरनं त्यांना संध्याकाळी एका ठिकाणी नेलं. लाकडाचं चकचकीत काउंटर, त्यावर पितळेचा नळ, आणि तो नळ ओढला की फेसाळती गार बियर. मालकांनी आयुष्यातला पहिला ग्लास तिथं घेतला आणि शेवटचाही. मी विचारलं, मग एवढं वेड कशाचं? ते म्हणाले, "दारू न्हाई आवडली मला. कडू लागली. नळ आवडला."

ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तो उन्हाळा आठवला की मला त्यांचं बोलणं पुरतं समजतं. लागोपाठ पावसानं पाठ फिरवलेली. लातूरच्या नळांना पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक. तोटी उघडली की आधी फुसफुस हवा, मग गढूळ गुळणी, मग पुन्हा हवा. बायका टँकरमागं धावायच्या. मांजरा नदीचं नाव घेतलं तरी लोक हसायचे. अशा गावातला माणूस, हात लावताच गार धार सोडणाऱ्या नळाच्या प्रेमात पडला तर त्याला वेडा कोण म्हणणार? आम्ही म्हणायचो, ती गोष्ट वेगळी.

निवृत्तीनंतर त्यांनी भंगारातून फ्रिज आणला, भंगारातूनच दुधाचा कॅन आणला. कॅनच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. आत नळी सोडली. सायकलचा पंप मारला की हवेच्या दाबानं आतलं वर चढायचं. फ्रिजच्या डोक्यावर वीतभर उंचीचा एक खांब, आणि खांबाला पितळेचा नळ. बियर बाजारात बाटलीतच मिळते, ती बाटल्यांतून कॅनमध्ये ओतायची आणि कॅनमधून नळानं ग्लासात काढायची, असा बेत. मी म्हटलं, मग सरळ बाटलीतूनच ओतली तर? मालकांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "रांजणातलं पाणी तांब्यानं घेतलं तरी पाणीच असतंय. मग लोकं नळ कशाला मागून राहिलीत सरकारला?"

दारू प्यायचं सरकारी परमिट त्यांनी काढलेलं होतं. एक थेंब न पिता दर वर्षी ते नवं करून आणायचे आणि फ्रेममध्ये घालून भिंतीला लावायचे. कायदा तो कायदा. पाहुणे आले की काकू त्यावर कॅलेंडर टांगायच्या.

काकूंची एकच अट होती. "ती तुमची सवत घरात आणायची तर दिसायला बरी पाहिजे. बैठकीत ठिवल्यावर बघणाऱ्यानं वा म्हणलं पाहिजे. नसता भंगारात." मालकांनी ती अट मनापासून घेतली, आणि तिथून पुढं बियर मागं पडली नि लाकूडकाम सुरू झालं.

जिल्हा झाल्यामुळे गावात पाडापाडी चालली होती. रस्ते रुंद होत होते, निजामाच्या वेळची जुनी नाकी, चौक्या जात होत्या. त्यांतल्या एका जकातीच्या नाक्याचे सागवानी दरवाजे मालकांनी हातगाडीवर घालून घरी आणले. वरचा रंग खरवडल्यावर आतून असं मधाच्या रंगाचं लाकूड निघालं की काकूही हात पुसत बघायला आल्या. कामाला उस्ताद आले. उस्ताद म्हणजे मालकांचे लहानपणापासूनचे दोस्त, पिढीजात सुतार, पाच वेळचे नमाजी. मालकांनी पहिल्याच दिवशी त्यांना सरळ सांगून टाकलं की हे बियरसाठी आहे, नको असेल तर करू नको. उस्तादांनी दाढी खाजवली. "देखो, लकडी का हिसाब मेरा. अंदर का हिसाब तुमारा अन अल्ला का. मेरे कू बीच में नक्को लाव." आणि रंधा हातात घेतला.

मग रोज सकाळी रंधा आणि भांडण. पट्ट्या उभ्या बसवायच्या की आडव्या, यावर दोघं एक अख्खा आठवडा बोलले नाहीत. कामं चालू, बोलणं बंद. एकमेकांना निरोप माझ्यामार्फत. शेवटी उभ्या ठरल्या. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अशी एकेक सरकवत त्यांनी फ्रिजला लाकडाचा अंगरखा घातला. उस्तादांना उघडं काही ठेवलेलं खपायचं नाही, म्हणून त्यांनी पाठही गच्च बंद केली. मालक म्हणाले, पाठीमागं त्याला वारा लागतो. उस्ताद म्हणाले, पीठ नंगी रखनेका क्या? केली बंद. दुपारी कंप्रेसर तापला, गुरगुरला आणि गप्प झाला. मालक त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले आणि संध्याकाळी जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी पाठीची फळी काढली आणि तिथं नक्षीची जाळी कोरायला घेतली. एकदा हात चालायला लागल्यावर दोन्ही बाजूंनाही जाळी आली. जाळी आली म्हणून पुढं दोन बारीक खांब आले, खांब आले म्हणून त्यांवर कमान आली. डोक्यावरचा लोखंडी खांब झाकायला उस्तादांनी, नळ तेवढा बाहेर ठेवून, खालून रुंद, वर निमुळतं होत जाणारं लाकडी आवरण केलं, आणि टोकाला, उघडं वाटायला नको म्हणून, पितळेचा एक गोंडस गोळा बसवला.

मग पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं हात मारायचे, वाळू द्यायचं, काचकागदानं घासायचं, पुन्हा हात. घरभर स्पिरिटचा वास. गल्लीत बातमी पसरली की ऑपरेटर आता दिवसाढवळ्या प्यायला लागले. काकू दारात उभ्या राहून सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या घरात आलेली दारू सगळी त्या लाकडानंच पिली हो. माणसापर्यंत आलीच न्हाई."

शेवटचा हात वाळला त्या सकाळी भाजीवाली दारात आली होती. तिनं आत पाहिलं, पाटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडून डोळे मिटले. काकू आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी त्या कपाटाकडे पाहिलं. जाळी, खांब, कमान, वर निमुळतं शिखर, शिखराला कळस. इतके दिवस रोज बघत होतो, पण आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बियरचं कपाट करता करता दोघा म्हाताऱ्यांनी चांगला पुरुषभर उंचीचा देव्हारा केला होता.

काकूंचा विरोध त्या क्षणी मावळला. त्यांनी दुसऱ्या दिवशी कमानीला झेंडूची माळ घातली. मालक म्हणाले, ही फसवणूक आहे. काकू म्हणाल्या, मी कुणाला काही सांगितलं का? फूल वाहिलं, बस्स.

आता सुमनचं सांगायला हवं. सुमन म्हणजे मालकांची धाकटी मुलगी, माझ्याच वयाची, रात्री माझ्याच खोलीत झोपायला यायची. टायपिंगच्या क्लासात तिला शिरूर अनंतपाळकडचा एक मुलगा आवडला होता. आता तो शाळेत मास्तर होता. जात एक, गोत्र जमत होतं, पत्रिका जुळत होती, कशाला म्हणून कशाची आडकाठी नव्हती. आडकाठी असलीच तर मुलाच्या वडिलांची. आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि दारूच्या नुसत्या वासानं त्यांनी आधीच्या दोन सोयरिकी मोडलेल्या. सुमन मला म्हणाली होती, "हे मोडलं तर मी परत चहाचा ट्रे धरणार न्हाई. कुणाहीपुढं." ती उगाच बोलणारी मुलगी नव्हती, म्हणून मला भीतीच वाटली.

पाहुणे बघायला यायचे ठरले तेव्हा काकूंनी दोन गोष्टी केल्या. कपाटात बियर भरायची नाही म्हणून शपथ घातली. तसाही कॅन चाचणीसाठी पाण्यानंच भरलेला होता. सुमननं आणि मीच टँकरचं पाणी गाळून भरलं होतं. दुसरं म्हणजे मालकांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "खोटं बोला म्हणत न्हाई मी. फक्त आजच्या दिवस बोलू नका." मालकांनी बराच विचार केला. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्यांचं मत पडलं. पण स्वतःचा भरवसा नसल्यामुळे, पाहुणे गल्लीत शिरले तसे त्यांनी दोन पानं एकदम तोंडात कोंबली. आयुष्यात पान न खाल्लेला माणूस. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत त्यांनी सोयऱ्यांना नमस्कार केला.

पाहुणे बसमधून उतरून भर उन्हात चालत आलेले. आप्पा, त्यांची बायको आणि मुलगा. बैठकीत आल्या आल्या मुलाच्या आईनं पदर डोक्यावर घेतला. "अगं बाई, केवढा सुरेख देव्हारा," म्हणून ती थेट पुढं गेली, हात जोडले, कमानीला कुंकू लावलं. काकू पुटपुटल्या, "आपलं साधंच." मालक छताकडे बघू लागले.

इथंच काकूंनी थांबायला हवं होतं. पण इतके दिवस सवत म्हणून हिणवलेली ती वस्तू एकाएकी घराची शोभा झाली होती, आणि कौतुकाला काकूही माणूसच होत्या. त्यांनी पेला नळाखाली धरला आणि नळ ओढला. बारीक, सरळ, काचेसारखी धार. पेल्याला बाहेरून घाम फुटला. आप्पांनी पाणी पिलं, डोळे मिटून घेतले, आणि पेला पुन्हा पुढं केला. त्या वर्षी लातुरात अशा पाण्याला काय किंमत होती ते ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांनाच कळेल. तिसरा पेला संपल्यावर आप्पा तृप्त होऊन म्हणाले, "देव्हाऱ्यातच तीर्थाची सोय. असं कुठं बघितलं न्हाई. देव कोणता बसवणार?"

"अजून ठरायचंय," काकू म्हणाल्या.

"मी मालकाला विचारलालोय," आप्पा म्हणाले.

मालक उठले. अंगणात गेले. पिंक टाकल्याचा आवाज आला. मग चूळ भरल्याचा. दाराआड सुमन माझ्याजवळ उभी होती, तिनं माझा हात घट्ट धरला. "संपलं," ती म्हणाली. अंगणातून पुन्हा चूळ भरल्याचा आवाज आला. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मालक उपरण्यानं तोंड पुसत आत आले आणि आप्पांच्या समोर उभे राहिले.

"देव न्हाई बसवायचा," ते म्हणाले. "हे बियरसाठी केलंय."

आणि नेमका त्याच वेळी कंप्रेसर सुरू झाला. मुलाच्या आईनं कुंकवाचं बोट पदराला पुसायला सुरुवात केली. मालकांनी मग सगळंच सांगितलं. बंगळूर, पितळेचा नळ, तो एक ग्लास, तो कडू लागला ते. अजून बियर भरलेली नाही, आज आत पाणीच आहे, पण केलं आहे ते त्याच्याचसाठी. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं, असंही म्हणाले. भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला करून त्यांनी परमिटही दाखवलं.

आप्पा उठले. मला वाटलं आता चपला घालणार. ते कपाटाजवळ गेले आणि म्हणाले, "दार उघडा." मालकांनी दार उघडलं. आत दुधाचा कॅन. आप्पा वाकून बघत राहिले, कारण असले कॅन त्यांनी घरच्या म्हशींपायी आयुष्यभर उचललेले होते. पाणी दाखवावं म्हणून मालकांनी झाकण सोडवलं, आणि सवयीनं ते आधी नाकाशी नेलं.

आप्पा ताठ झाले. "तुम्ही शीतकरणला होता का? नाकानं दूध घेणारे?"

"हाव."

"आमच्या चेअरमनचे कॅन परत पाठवणारे तुम्हीच का?"

"नासलेलं होतं," मालक म्हणाले.

आप्पा खाली बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते असे हसायला लागले की माळ उडायला लागली. ते कॅन त्यांच्याच गावचे होते. ते परत आले त्या दिवशी आख्खं गाव तोंडाला उपरणं लावून हसलं होतं, आणि चेअरमनच्या माणसासमोर खरं बोललेला तो ऑपरेटर कोण, हे गावात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. हसू आवरून, डोळे पुसून आप्पा बायकोकडे वळले. "दुसरा कुणी असता तर विठ्ठल बसवणार म्हणून मोकळा झाला असता. आन मी ह्या बियरच्या कपाटापुढं नारळ फोडून गेलो असतो." मग मालकांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय आम्हाला. पण एक अट हाय माझी. आमच्यातलं माणूस ह्या घरी आलं की ह्या नळाला पाणीच आलं पाहिजे."

कुणालाही वाटलं असतं, मालक लगेच हो म्हणतील. मालक विचारात पडले. दिलेला शब्द त्यांना पाळावा लागणार होता, म्हणून ते आधी नीट मोजूनमापून बघत होते. "तुम्ही कधी कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"सोयऱ्याच्या घरी माणूस सांगून येतंय का?" आप्पा म्हणाले.

मालकांनी नळाकडे पाहिलं. कमानीवरून एकदा हात फिरवला. बंगळूरपासून आतापर्यंतची सगळी वर्षं त्या हाताखालून गेली असतील. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. सुमन अर्धी बाहेर आली होती, पदराचं टोक दातात धरून. "बरं," मालक म्हणाले. सुमन माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि काकू रडत रडत पोहे परतायला गेल्या.

लग्न झालं. आणि आप्पा खरोखरच न सांगता येऊ लागले. कोर्टाचं काम असो, बाजार असो, लातुरात आले की आधी हा नळ. कधी आप्पा, कधी त्यांचा भाऊ, कधी गावचं कुणी ओळख सांगत यायचं. बाटल्या आणायला मालक पिशवी घेऊन निघाले की हमखास कोपऱ्यावर कुणीतरी पाहुणा भेटायचा. पुढं त्यांनी नादच सोडला आणि कपाट ढकलत ओट्यावर आणून ठेवलं. परमिटही उचलून शेजारच्या भिंतीला लावलं, कारण कपाट बियरचंच होतं आणि लपवाछपवी त्यांना चालत नव्हती. टँकरमागून दमून येणाऱ्या बाया, हमाल, नव्या कचेऱ्यांत खेटे घालणारी खेड्यातली माणसं तिथं पाणी प्यायची. पिऊन झालं की हात जोडायची. मालक प्रत्येकाला सांगायचे, देव्हारा नाही, बियरसाठी केलंय. लोक हसायचे, पुन्हा हात जोडायचे. काही बायांनी कुंकू परमिटच्या काचेलाही लावलं होतं.

माझी बदली पुन्हा नांदेडला झाली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी लातूरला गेले तेव्हा त्या गल्लीत गेल्याशिवाय राहवलं नाही. काकू नव्हत्या. उस्तादही नव्हते. कपाट ओट्यावरच होतं. कमानीचं पॉलिश माणसांच्या हातांनी उडालेलं, कळस चमकत होता. मालक शेजारी खुर्चीत बसले होते, आणखी वाकलेले, नाक तेवढंच. मला पाहून त्यांनी ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले, "लई जाड झालात तुम्ही." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

सुमनची ख्यालीखुशाली झाली. तिचे सासरे, आप्पा, मागच्या वर्षी गेले, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, मालक, तुम्ही शब्द पाळला. पण शब्द ज्यांना दिला ते आता नाहीत. एकदा तरी भरा की बियर. एक ग्लास तरी नळानं काढून बघा. जन्मभराची हौस आहे.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेला नळाखाली धरला आणि नळ ओढला.

"त्यांचं काय सांगावं," ते म्हणाले. "ते कधी सांगून आलेत का?"

पेला माझ्या हातात आला. पाणी दाताला झोंबेल इतकं गार होतं.